पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्ट

नागपुरातल्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर दोन गायगर गणक पाहिले. बाजारात मिळणाऱ्या संचातून मुलांनी स्वतः जोडलेले, दोन्ही व्यवस्थित चालू. एकाच्या पडद्यावर ०.१४ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास, दुसऱ्याच्या पडद्यावर ०.२०. मधले अंतर फार तर चार हात. खरा आकडा कोणता, असे विचारताच दोन्ही गटांनी आपापल्या पडद्याकडे बोट दाखवले. परीक्षकांनी दोघांनाही चांगले गुण दिले. आमच्यापैकी एकजण परीक्षकांत होते, त्यामुळे ही टीका आधी आमच्यावरच आहे.

दोन्ही यंत्रांचे ठोके मोजले तेव्हा उलगडा झाला. दोन्ही मिनिटाला सरासरी २५ च्या आसपासच टिकटिकत होती! फरक पुढच्या गुणाकारात होता. एका संचात ठोक्यांना ०.००५७ ने गुणले जात होते, दुसऱ्यात ०.००८१२ ने. पहिला गुणक रशियन बनावटीच्या एसबीएम-२० या धातूच्या नळीसाठी, दुसरा जे-३०५ या चिनी काचेच्या नळीसाठी हौशी मंडळींत प्रचलित आहे. दुसऱ्या गटाने नळी बदलली होती, प्रोग्राममधला गुणक मात्र तसाच राहिला होता. एवढ्यावरून आकडा चाळीस टक्क्यांनी फुगला.

गायगर-म्युलर नळी १९२८ पासून एकच काम करते. कण किंवा गॅमा किरण आत शिरून वायूचे आयनीभवन झाले की एक विद्युतस्पंद देते. आलेल्या किरणाची ऊर्जा किती, हे तिला कळत नाही. सिव्हर्ट मात्र शरीराला मिळालेल्या ऊर्जेशी आणि तिच्या परिणामाशी निगडित आहे. ठोक्यांवरून मात्रा काढायची तर किरण कोणते व किती ऊर्जेचे, हे आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून अंशशोधन, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॅलिब्रेशन म्हणतो ते, बहुधा सीझियम-१३७ च्या माहीत असलेल्या स्रोतासमोर, मोजलेल्या अंतरावर करतात. तो गुणक त्या किरणांपुरता खरा. कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांना उघडी नळी जास्तच प्रतिसाद देते. शिवाय नळीच्या स्वतःच्या काही ठोक्यांचाही पडद्यावर मायक्रोसिव्हर्ट होऊन बसतो.

आमची तक्रार संचाच्या किमतीबद्दल नाही. चारशे व्होल्टचा दाब तयार करणे, स्पंद पकडणे, ते मोजणे हे आठवी-नववीच्या मुलांना जमते ही मोठीच गोष्ट आहे. तक्रार पत्रकाबद्दल आहे. गुणक कुठून आला, कोणत्या किरणांसाठी, याबद्दल आम्ही पाहिलेल्या पत्रकांत एक ओळ नव्हती. पडद्यावर मात्र दशांश चिन्हानंतर दोन अंक. फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ मध्ये जपानात उभ्या राहिलेल्या सेफकास्ट या नागरिकांच्या उपक्रमाने याउलट केले. एकाच जातीची नळी वापरली, मिनिटाला ३३४ ठोके म्हणजे एक मायक्रोसिव्हर्ट प्रतितास हा गुणक सीझियम-१३७ साठी आहे हे उघड सांगितले. त्यांची मोजणी तपासता येते ती यामुळे.

शाळेत सीझियमचा स्रोत आणायचा नाही, आणूही नये. पण अंशशोधन शक्य नसले तरी तुलना शक्य आहे, आणि शिकण्यासारखे खरे तर तिच्यातच जास्त आहे. कृषी केंद्रातून एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणा. त्यात साधारण अर्धा किलो पोटॅशियम असते आणि नैसर्गिक पोटॅशियमच्या दर ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणूंचे विघटन होते. म्हणजे पिशवीत सेकंदाला पंधरा हजारांवर. पिशवी तीच, अंतर तेच, नळीची दिशा तीच ठेवून दोन्ही गणक पाळीपाळीने लावा. आधी पिशवीशिवायचे ठोके मोजून वजा करा. उरलेल्यांचे गुणोत्तर ही तुमच्या दोन यंत्रांची तुलना. पिशवी आणि नळीमध्ये दोन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा सरकवला की ठोके एकदम उतरतात, कारण पोटॅशियम-४० च्या विघटनांपैकी सुमारे ८९ टक्क्यांत बीटा कण बाहेर पडतो. पत्र्याआधी पडदा जो मायक्रोसिव्हर्ट दाखवत होता तो बव्हंशी बीटा कणांना गॅमा समजून केलेला गुणाकार होता. हे मुलांना एकदा दिसले की पडद्यावरचा आंधळा विश्वास आपोआप जातो.

घाई मात्र चालत नाही. मिनिटाला २५ ठोके म्हणजे २५ उणे-अधिक ५. ठोक्यांचे वर्गमूळ ही स्वाभाविक चढउतार. एका जागी २५ आणि दुसऱ्या जागी २८ आले तर एका मिनिटावरून काहीच सांगता येत नाही. तासभर मोजल्यावर १५०० आणि १६८० येतील, फरक १८०, त्यातली अनिश्चितता सुमारे ५६. आता बोलता येते. प्रदर्शनात पाहुणे अर्धे मिनिट थांबतात, ही अडचण आम्हालाही कळते. रात्रभराची मोजणी आलेख करून टांगावी.

नागपूरकरांना यासाठी उत्तम जागा आहेत. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण बेसाल्टचा. शहराच्या पूर्वेकडे जुने ग्रॅनाइटी नाइस खडक. बेसाल्टात पोटॅशियम, युरेनियम, थोरियम कमी, ग्रॅनाइटात जास्त. अणुखनिजांचा शोध घेणाऱ्या संचालनालयाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय याच शहरात आहे. अशा शोधकामातले गॅमामापक या तीन मूलद्रव्यांचे प्रमाण माहीत असलेल्या काँक्रीटच्या ओट्यांवर तपासून घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ओटे नाहीत. म्हणून एकच गणक, जमिनीपासून एक मीटर उंचीवर, दोन्ही ठिकाणी एकेक तास, आणि वहीत फक्त ठोके. मायक्रोसिव्हर्टचा रकाना आखूच नये.

जाता जाता, त्याच प्रदर्शनात तिसऱ्या टेबलावर गायगर गणक मोबाइलजवळ धरून ‘किरणोत्सर्ग’ दाखवणे चालू होते. मोबाइलच्या लहरी आयनीभवन करत नाहीत. ठोके वाढलेच तर तो आत शिरलेला विद्युत गोंगाट. नळीची जोडणी तपासावी.