रदीफ ओझे वाहतो तेव्हा

मराठी गझल आज कधी नव्हे इतकी तंत्रशुद्ध झाली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे समूह, कार्यशाळा, एकच मिसरा देऊन सगळ्यांकडून लिहून घेतलेल्या तरही गझला, यांतून तयार झालेला गझलकार मात्रा चुकवत नाही. लगावली त्याला तोंडपाठ असते. मतल्यात ठरलेली अलामत तो शेवटच्या शेरापर्यंत सांभाळतो. तरीही नवा संग्रह सलग वाचायला घेतला की चार-सहा गझलांत मन उडते. दोष वृत्ताचा नाही. माझ्या मते तो रदीफच्या वापराचा आहे.

हे तंत्र इथे रुजायला वेळ लागला. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी तिकडची वृत्ते मराठी छंदःशास्त्रात बसवली, १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’ दिली. पण त्यांच्या बऱ्याच गज्जला म्हणजे त्या वृत्तांतल्या सलग भावकविताच. दोन ओळींचा शेर स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, हे त्यांनी फारसे मनावर घेतले नाही. ते घेतले सुरेश भटांनी. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) यांनी नमुना घालून दिला, तर ‘गझलेची बाराखडी’ने व्याकरण. ‘वारे’, ‘तारे’, ‘किनारे’ यांच्या पंगतीत ‘दोरे’ बसत नाही, कारण ‘रे’च्या आधीचा ‘आ’, म्हणजे अलामत, हलता कामा नये, हे आज कॉलेजातला पोरगाही सांगतो. भीमराव पांचाळेंनी गझल गात गावोगाव नेली आणि तिला ऐकणारा वर्ग मिळाला.

बाराखडी मात्र काफियाचा, म्हणजे यमकाचा, हिशेब शिकवू शकते, रदीफचे काम नाही. रदीफ प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येतो, म्हणून तो सोपा वाटतो. खरी कसोटी तिथेच असते. नमुन्यादाखल मीच जुळवलेल्या काही ओळी घेऊ. वृत्त वियद्गंगा, म्हणजे चार वेळा ‘लगागागा’, आणि रदीफ ‘बाकी’.

‘हिशेबाची वही मिटली, तरी उरली जरा बाकी.’ इथे बाकी म्हणजे सरळ येणे. पुढच्या शेरात: ‘मला फसवून गेला जो, कलावंतच खरा बाकी.’ आता हिशेब संपला. हे आपण गप्पांत ‘तो बाकी हुशार हं’ म्हणतो तेव्हाचे ‘बाकी’ आहे. ओळी काही थोर नाहीत, पण रदीफ जागचा हलला आणि ऐकणाऱ्याला थोडा चकवा बसला. आता ही ओळ पाहा: ‘तुझ्या डोळ्यांत शोधावा, किती आता झरा बाकी.’ मात्रा चोख, अलामत चोख. पण झरा का आला? ‘जरा’शी जुळतो म्हणून. आणि झरा आला म्हणून डोळे आले. शेर शेपटाकडून लिहिला गेला, हे लगेच कळते. आजच्या तंत्रशुद्ध गझलेत असे झरे फार वाहतात.

यात आपल्या भाषेचाही हात आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे ‘होते’, ‘गेली’, ‘आहे’, ‘नाही’ हे रदीफ आयते मिळतात. पण ‘गेली’ घेतला की पुढचा मामला लिंगाचा. कर्ता बहुधा स्त्रीलिंगीच येतो, मग रात्र गेली, वाट गेली, आठवण गेली, सावली गेली, अशी रांग लागते. कवीची प्रतिमासृष्टी व्याकरणाने आधीच ठरवून टाकलेली असते आणि त्याला वाटते आपल्याला सुचले. जाणता गझलकार इथे कर्ता बदलतो, ‘गेली’ला सहायक क्रियापद करतो, ‘होत गेली’, ‘विझत गेली’ अशी वाट काढतो. ही कारागिरी कार्यशाळेत क्वचितच चर्चेला येते.

मक्त्याचेही तसेच. इलाही जमादार शेवटच्या शेरात ‘इलाही’ आणत, त्यामुळे कवीला स्वतःकडे वळून टोमणा मारायची सोय होती. मराठीत तखल्लुस, म्हणजे शेरात गुंफलेले कवीचे नाव, एकूण कमीच रुजला, आणि बहुतेक गझला शेवटच्या शेरावर नुसत्या थांबतात.

मुशायऱ्याने एक गोष्ट चांगली केली, एक वाईट. उला, म्हणजे शेराचा पहिला मिसरा, दोनदा म्हणून दुसरा, सानी, राखून ठेवायची रीत कवीला ओळींमधले अंतर शिकवते. पण दाद सानीलाच मिळते, म्हणून उला नुसता पायरीपुरता लिहिला जातो. कागदावर तो उघडा पडतो.

समीक्षा काय करते? प्रस्तावनांत वृत्तांची नावे मोजली जातात, घेतलेल्या सुटी माफ केल्या जातात, सामाजिक आशयाचे दोन शेर उद्धृत होतात. एका गुरूऐवजी दोन लघू चालतील का, यावर तावातावाने वाद होतात. वर माझ्या ओळीत ‘मिटली’ आहे, तेवढ्यावरूनही कुणी भांडेल. ‘बाकी’ दर शेरात काय करते, यावर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. रदीफशिवायची, गैरमुरद्दफ गझल शास्त्राला पूर्ण मान्य आहे. तीत सगळा भार काफियावर येतो आणि झरा लपवायला जागा उरत नाही. तरही उपक्रमांत असा मिसरा दिलेला माझ्या पाहण्यात फारच क्वचित आला.