वर्ड जिंकलं, पण कुठल्या शर्यतीत?

कोर्सवर्क संपत आलं की लॅबमधल्या ज्युनिअर्सचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, लाटेक शिकायलाच लागतं का?" या वर्षी विचारणारी तयारीनिशी आली होती. तिने मोबाइलवर एक पेपर उघडून समोर धरला. "यात तर सिद्ध केलंय, वर्डवालेच भारी."

पेपर मला माहीत होता. डिसेंबर २०१४ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये आलेला, मार्कस क्नाउफ आणि येलिका नेयास्मिच या जर्मनीतल्या दोन संशोधकांचा. लाटेकच्या भक्तांनी तेव्हा त्यावर बरीच आदळआपट केली होती. मी स्वतः लाटेकमध्ये लिहिते, त्यामुळे मीही तो आधी न वाचताच नापसंत केला होता. आता नीट वाचलाय.

प्रयोग असा. ४० माणसं, दहा-दहाचे चार गट: वर्डचे नवखे, वर्डचे मुरलेले, लाटेकचे नवखे, लाटेकचे मुरलेले. प्रत्येकाला तीन छापील नमुने दिले. एक साधा सलग मजकूर, एक तक्त्यांचा, एक समीकरणांचा. प्रत्येकासाठी अर्धा तास. नमुना जसाच्या तसा उतरवून काढायचा. मग किती मजकूर झाला, शुद्धलेखनाच्या आणि मांडणीच्या चुका किती, हे मोजलं. साध्या मजकुरात आणि तक्त्यांत वर्डवाले पुढे. इतके, की लाटेकचे मुरलेले लोकसुद्धा वर्डच्या नवख्यांच्या मागे पडले. फक्त समीकरणांत लाटेकने बाजी मारली. यावरून लेखकांनी थेट सुचवलं की पेपरात तसं जड गणित असेल तरच जर्नलांनी लाटेकमधले पेपर स्वीकारावेत.

आकड्यांवर माझा आक्षेप नाही. तक्त्यांचं तर मला आधीच पटलेलं आहे. लाटेकमध्ये दोन खाने एकत्र करायला लागले की मी आजही जुन्या फाइलमधून कॉपी करते.

आक्षेप आहे तो शर्यतीवर. छापील पान बघून तसंच पान तयार करणं हे टायपिंगच्या परीक्षेचं काम झालं. लाटेकची मूळ कल्पनाच याच्या उलट आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाची नवी छपाई बघितली, ती इतकी खटकली की त्यांनी टेक ही प्रणाली लिहायला घेतली. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारलं ते लेखकाने दिसण्याचा विचार करू नये म्हणून. तुम्ही 'हा विभाग', 'ही आकृती' एवढंच सांगायचं. ती पानावर कुठे बसेल ते साचा ठरवेल. अशा साधनाला 'समोरच्या पानासारखं हुबेहूब कर' म्हणायचं आणि फरक पडला की चूक मोजायची, म्हणजे माशाला झाडावर चढायला लावून गुण देण्यासारखंच.

आणि पेपर लिहिताना वेळ खरंच कुठे जातो? माझा पहिला पेपर थिन फिल्म्सवरचा. पहिल्या जर्नलने परत पाठवला. दुसऱ्या जर्नलला दोन कॉलमऐवजी एक कॉलम हवा होता, आणि संदर्भ आकड्यांनी नव्हे तर लेखक-वर्ष पद्धतीने. माझे संदर्भ होते ४७. साच्याचं नाव बदललं, संदर्भशैलीची ओळ बदलली, सगळे संदर्भ आपोआप फिरले. (अगदी जादू नाही हं. लेखकांची नावं आणि पत्ते लिहायच्या आज्ञा प्रत्येक साच्यात वेगळ्या असतात, त्यात तास गेलाच.) मग एका रिव्ह्यूअरने सांगितलं, आकृती ५ आधी घ्या. मी ती वर हलवली, दोनदा कंपाइल केलं, मजकुरातले सगळे क्रमांक जुळले. त्याच सुमारास लॅबमधल्या मैत्रिणीने हेच काम वर्डमध्ये, संदर्भ हाताने टाइप करून केलं. तिचे दोन दिवस गेले, आणि एक आकृती तरी चुकीच्या क्रमांकानेच गेली. माझा नमुना दोन जणींचा. क्नाउफ यांच्या चाळिसांपुढे तो काहीच नाही, हे मान्य. आणि वर्डमध्ये झोटेरो जोडलं असतं तर तिचेही बरेच तास वाचले असते. पण असं काम त्या प्रयोगात मोजलंच गेलं नाही, आणि शिफारस मात्र जर्नलांच्या पेपरांबद्दल केली.

पद्धतीबद्दल आणखी एक, कारण तुम्ही संशोधनात येताय. कोणी वर्ड वापरायचं आणि कोणी लाटेक हे प्रयोग करणाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. माणसं आपापलं साधन घेऊनच आली. लाटेककडे कोण वळतं? बहुतेक गणित-भौतिकी-संगणकवाले. मग गटांतला फरक किती साधनामुळे आणि किती माणसांमुळे, हे वेगळं करणं अवघड होतं. दहाच्या गटात तर एखादा संथ टायपिस्टसुद्धा सरासरी हलवू शकतो. शुद्धलेखनाच्या चुकांचंही बघा. वर्ड चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतं, ती सोय तुमच्या लाटेकच्या एडिटरमध्ये आहे की नाही यावर बरंच अवलंबून. आज ओव्हरलीफमध्ये ती आहे. उलट वर्डच्या समीकरणपेटीत आता लाटेकच्या आज्ञा टाइप करता येतात. म्हणजे दोन्ही बाजू २०१४ च्या जागी राहिलेल्या नाहीत.

एवढं वाचून लाटेकवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. याच पेपरात एक निष्कर्ष आहे, त्यावर आमच्यातलं कोणी फारसं बोलत नाही. कामानंतर भरून घेतलेल्या प्रश्नावलीत लाटेकवाले जास्त खूश होते. कमी काम झालं, चुका जास्त झाल्या, तरी मजा आली आणि वैताग कमी.

इथे मी पकडले गेले. सिनॉप्सिसच्या आधी एक अख्खी संध्याकाळ मी एका आकृतीशी भांडले होते. 'इथेच राहा' असं सांगूनही ती पुढच्या पानावर जायची. शेवटी बसली. घरी जाताना काय समाधान! त्या दिवशी चर्चेच्या विभागात मी एक वाक्यही लिहिलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी गाइडने विचारल्यावर लक्षात आलं. चूक शोधणं, ती सुटणं, पान सुरेख दिसणं यात एक नशा आहे, आणि ती अभ्यास केल्यासारखीच वाटते. क्नाउफ-नेयास्मिच यांची शिफारस मला पटत नाही, पण हे निरीक्षण मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

शिकण्याची किंमतही त्यांनी म्हटली तशी आहेच. नमुन्याच्या नावात खालची रेघ होती म्हणून माझी पहिली दुपार 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' या एका ओळीत गेली. मजकुरात पैशाचा संबंध कुठे, हेच कळेना. (खालची रेघ फक्त समीकरणात चालते, आणि समीकरण डॉलरच्या चिन्हात लिहितात. मजकुरात हवी असेल तर तिच्याआधी बॅकस्लॅश.) प्रबंधाचा मराठी गोषवारा घालताना आणखी दोन दिवस गेले, तेव्हा कळलं की नेहमीचं पीडीएफ-लाटेक सोडून झी-लाटेकने कंपाइल केलं की देवनागरी फाँट सरळ चालतो.

मग त्या ज्युनिअरला काय सांगितलं? तिला तीन गोष्टी विचारल्या. समीकरणं किती? दोन. सहलेखक कोण? गाइड आणि रुग्णालयातल्या दोन डॉक्टर मॅडम, तिघंही वर्डमध्येच ट्रॅक चेंजेस लावून दुरुस्त्या पाठवतात. जर्नल? दोन्ही घेतं. म्हटलं, हा पेपर वर्डमध्येच लिही, फक्त झोटेरो आजच टाक. तिला जरा वाईटच वाटलं. तिने ओव्हरलीफवर खातं आधीच उघडून ठेवलं होतं. प्रबंधाचं वेगळं. तो पाच प्रकरणांचा, तिचा एकटीचा, आणि दोन वर्षं बदलत राहणारा. गाइड लाटेकची पीडीएफ प्रिंट काढून तपासायला तयार आहेत का, एवढं ती सोमवारी विचारणार आहे.