होल्स्टर, चोरखिसा आणि चुकीचा प्रश्न

आज एका वस्तूचं परीक्षण करायचं आहे. कपड्यांच्या आत, काखेखाली बांधायचं होल्स्टर. घाबरू नका, पिस्तुलाचं नाही. आपल्याकडे पिस्तूल बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि बहुतेकांनी होल्स्टर पाहिलंय ते हिंदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या खांद्यालाच. मी घेतलं ते त्याच आकाराचं, पण फोन, पैसे आणि हार्ड डिस्क ठेवायचं. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, डाव्या काखेखाली चेनचा कप्पा.

तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, तर म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? आहे. या पाचशे-सहाशे रुपयांच्या वस्तूने मला संशोधन पद्धतीच्या पेपरपेक्षा जास्त शिकवलं, आणि तेही माझं नुकसान होऊन गेल्यावर.

आधी नुकसान सांगते. माझं काम ठाणे खाडीच्या पाण्यावर आहे. गेल्या पावसाळ्यात भांडुपच्या बाजूला नमुने घेताना मी किटवरच्या रंगाचे फोटो फोनमध्ये काढायचे आणि रीडिंग्जही तिथेच टिपून ठेवायचे. रात्री घरी, मुलुंडला जाऊन अपलोड करू, असं रोज ठरायचं. एका संध्याकाळी घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोकडे जाताना, जिन्यावरच्या गर्दीत फोन गेला. त्यात पाच आठवड्यांची रीडिंग्ज होती. अपलोड एकही नव्हतं. फोन हप्त्यावर नवा येतो. पण जुलै-ऑगस्टची खाडी पुन्हा येते ती थेट पुढच्या वर्षी.

त्या रात्री दोन वाजता मी हे होल्स्टर मागवलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इतरांचे अभिप्राय काय सांगत होते?

अभिप्राय चांगले होते. 'महिनाभर वापरतोय, काहीच चोरीला गेलं नाही' असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. मीही दोन महिन्यांनी असंच लिहिणार होते. तीस दिवस, जाऊन-येऊन साठ प्रवास, चोरी शून्य. शंभर टक्के यश!

आता इथे थांबा. शून्य हा निकाल फार फसवा असतो. १९८३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात हॅनली आणि लिपमन-हँड यांनी नेमक्या याच प्रश्नावर लिहिलं होतं. एखादी गोष्ट 'न' वेळा करून पाहिली आणि एकदाही वाईट घडलं नाही, तर त्यातून काय सिद्ध होतं? त्यांचा सोपा नियम असा: धोक्याची वरची मर्यादा, ९५ टक्के खात्रीने, साधारण ३ भागिले 'न'.

माझ्या बाबतीत ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. वर्षाला २५० दिवस कामाचे धरले तर ५०० प्रवास. त्याचे ५ टक्के म्हणजे २५. थोडक्यात, वर्षातून पंचवीस वेळा माझं सामान मारलं जाईल ही शक्यतासुद्धा माझा डेटा नाकारू शकत नाही! धोका पाचशे प्रवासांत एकपेक्षा कमी आहे असं म्हणायचं असेल, तर सलग १५०० प्रवास चोरीशिवाय व्हायला हवेत. म्हणजे तीन वर्षं. तेवढ्यात कोणाकोणाची पीएचडी होते.

शिवाय होल्स्टर न वापरता साठ प्रवास केले असते, तरी बहुधा काही गेलं नसतं. तुलनेला दुसरा गटच नाही. तेव्हा 'चोरी झाली नाही' हा निकष बाद.

मग मोजायचं काय?

जे थेट मोजता येत नाही, त्याच्या जवळचं काहीतरी मोजावं लागतं. पिस्तुलाच्या होल्स्टरला जे निकष लावतात, ते मी उचलले. वस्तू दिसू नये, निसटू नये, हाताशी पटकन यावी, अंगाला सोसावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचा पाचवा: बाळगणाऱ्याला तिचाच त्रास होऊ नये. चांगल्या होल्स्टरमध्ये ट्रिगर पूर्ण झाकलेला असतो तो यासाठीच. १ ऑक्टोबर २०२४ ला जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. तिथे प्रश्न होल्स्टरचा नव्हता, पण मुद्दा हाच. संरक्षणाची वस्तू आधी आपल्यापासून सुरक्षित हवी.

निसटण्यात होल्स्टर पास. चेन मजबूत आहे, पळत जिना चढले तरी काही हललं नाही.

दिसण्याची चाचणी जरा नीट केली. बारा दिवस रोज सकाळी नाणं उडवलं. छापा आला तर होल्स्टर घालायचं, काटा आला तर नाही. लॅबमधल्या ज्युनिअरने संध्याकाळी सांगायचं, आज आहे की नाही. तिने बारापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं. झालं, दिसतं की! पण नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४०९६ पैकी २९९, म्हणजे सुमारे ७.३ टक्के. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या रेषेच्या ती बाहेर आहे. म्हणून मी 'दिसतं' असंही म्हणू शकत नाही आणि 'दिसत नाही' असंही नाही. बारा दिवस थोडे पडले, एवढंच म्हणू शकते. तुमच्या प्रबंधात अशी जागा येईल तेव्हा दोन्हीकडे ढकलायचा मोह होईल. ढकलू नका.

खरी माहिती आकड्यात नव्हतीच, ती तिच्या एका वाक्यात होती. मी विचारलं, "तू ओळखतेस कसं गं?" ती म्हणाली, "ताई, कपड्यावरून काही कळत नाही. पण ज्या दिवशी ते असतं, त्या दिवशी तुझा हात सारखा डाव्या कुशीकडे जातो."

म्हणजे होल्स्टर नीट लपलेलं होतं, दाखवत मी होते. ज्याला गर्दीत नेमकं हेच हेरायचं असतं, त्याला मी दर स्टेशनला पत्ता सांगत होते. आकडे घेतल्यावर 'का' हे विचारायला विसरू नका, ते यासाठी.

हाताशी येण्यात मात्र होल्स्टर सपशेल नापास. लेडीज डब्यात एक हात कडीला, दुसऱ्या हाताने बॅग पोटाशी धरलेली, आणि फोन कुर्त्याच्या आत काखेखाली. काढणार कसा? गळ्यातून की खालून? आईचा फोन आला तर तो अंधेरीला उतरल्यावरच बघायचा. अभिप्राय पुन्हा वाचले तेव्हा कळलं, लिहिणारे बहुतेक पुरुष होते आणि शर्टावर जॅकेट घालत होते. जॅकेटची चेन उघडली की हात थेट कप्प्यात. मुंबईत जॅकेट घालून लोकलने कोण जातं? त्यांचे निष्कर्ष खोटे नव्हते, ते माझ्यासाठी नव्हते. एखादा पेपर वाचताना नमुना कोणाचा होता हे आधी बघा असं सगळे सांगतात. मला ते घामाने कळलं.

घामाचंही ऐकाच. पट्ट्याखाली दोन आठवड्यांत पुरळ आलं. फोनही तापायचा. अनेक फोनना ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा अशी सूचना असते आणि काखेखाली, कपड्याच्या आत, मे महिन्यात हवा किती असेल हे तुम्हीच सांगा. पॉवर बँक तर तिथे ठेवूच नका.

शेवटचा धक्का मेट्रोत बसला. घाटकोपरला आत जाताना सुरक्षा तपासणी असते. यंत्र वाजलं, तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "हे काय आहे आत?" त्यांचं काम त्या करत होत्या. पण मागे रांग आणि मी पडद्याआड पट्टे सोडवतेय. चौथ्या दिवसापासून मी लोकलमधून उतरायच्या आधीच होल्स्टर काढून बॅगेत टाकायला लागले. म्हणजे ज्या जिन्यावर माझा फोन गेला होता, नेमक्या त्याच जिन्यावर होल्स्टर बॅगेत!

चूक कुठे झाली?

मला वाटतं, नावातच. पिस्तुलाचं होल्स्टर बनतं ते वस्तू लपलेली असावी पण क्षणात हातात यावी म्हणून. पैसे लपवण्याची गरज बरोब्बर उलटी. ते सावकाश, त्रासाने निघाले तरच बरं. आपल्याकडचे जुने उपाय बघा. पैसे कनवटीला लावायचे, बंडीला आतून खिसा, परकराला आतून शिवलेला चोरखिसा. माझ्या आजीच्या परकराच्या चोरखिशातून दहा रुपये निघायला पाच मिनिटं लागायची, आणि म्हणूनच ते टिकायचे. होल्स्टरचा आकार एका कामातून उचलून दुसऱ्या कामाला लावला, आणि त्याच्याबरोबर त्याचे निकषही मी न तपासता उचलले. परदेशी अभ्यासातली प्रश्नावली आणून तशीच आपल्या गावात वाटणारे हेच करतात. फोनची गोष्ट तिसरीच. तो लपायलाही हवा आणि सारखा लागतोही. त्याला कुठलाच लपवलेला कप्पा पुरा पडत नाही.

हे सगळं तक्ता करून मी मोठ्या अभिमानाने मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "तुझा फोन गेला होता की रीडिंग्ज गेली होती?"

मी गप्प. रात्री दोन वाजता मी जो प्रश्न स्वतःला विचारला होता तो होता, 'वस्तू कशी लपवू?' विचारायला हवा होता, 'वस्तू गेली तरी काय जाऊ नये?' त्याचं उत्तर कुठल्याही पट्ट्यात नाही. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आता मी खाडीवरून निघायच्या आधी, नेटवर्क मिळेल तिथे उभं राहून अपलोड करते आणि वहीत पेनानेही लिहिते. हार्ड डिस्क लॅबमधून हलत नाही.

तर निकाल असा. जॅकेट घालणाऱ्या, थंड गावातल्या प्रवाशाने, पासपोर्ट आणि जास्तीचे पैसे ठेवायला हे होल्स्टर जरूर घ्यावं. रोजच्या लोकलसाठी, कुर्ता घालणारीने, फोनसाठी घेऊ नये. मी मुलुंडच्या टेलरकाकांकडून दोन कुर्त्यांना आतून चोरखिसे शिवून घेतले. त्यात पास आणि पाचशेची नोट राहते. पट्टा नाही, पुरळ नाही, आणि हातही तिकडे जात नाही. अर्थात हे अजून नाणं उडवून तपासलेलं नाही.

माझ्या प्रबंधातल्या आलेखात जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जागा मोकळी आहे. ती रेषेने जोडायची नाही असं ठरवलंय, खाली कारण लिहिणार आहे. तुम्ही कामाला सुरुवात कराल तेव्हा उपकरण मागवायच्या आधी एका कागदावर लिहा: मला नेमकं काय वाचवायचंय? आणि शक्यतो रात्री दोन वाजता लिहू नका.