निगेटिव्हची प्रत व तिची पुष्पिका

जुन्या छायाचित्रकारांच्या काचा व मोठ्या आकाराच्या फिल्म-निगेटिव्ह फ्लॅटबेड स्कॅनरवर उतरवून घेण्याचा प्रघात अलीकडे संग्राहकांत बराच पडला आहे. कागदपत्रांच्या, शिलालेखांच्या व देवळांच्या अशा प्रती आमच्याकडे पाहावयास येतात. त्यांच्या आधारें लिहिलेलीं टिपणेंही वाचावयास मिळतात. हा उद्योग स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या जोडीनें एक समज रूढ होऊं लागला आहे. तो असा कीं, निगेटिव्ह एकदां स्कॅन झाली म्हणजे तिचें काम संपलें. मग ती माळ्यावर पडली काय किंवा भंगारांत गेली काय, सारखेंच. आमच्या मतें हा समज इतिहाससाधनांच्या दृष्टीनें घातक आहे. स्कॅन ही प्रत आहे, मातृका नव्हे. आणि प्रतीला जे नियम आपण पोथ्यांच्या बाबतींत लावतों, तेच येथेंही लावले पाहिजेत. एवढेंच प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य आहे.

(१) साधनाचें स्वरूप

मोठ्या आकाराची निगेटिव्ह म्हणजे सामान्यतः ४ बाय ५ इंच व तीहून मोठी. जुन्या काचांत पूर्ण प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची असे. रिचर्ड लीच मॅडॉक्स यानें इ. स. १८७१ त जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची रीत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून काचांचा प्रसार झाला. पुढें काचेच्या जागीं नायट्रेटची, मागाहून ॲसिटेटची व शेवटीं पॉलिएस्टरची फिल्म आली. या प्रत्येकीची व्याधि निराळी. काच फुटते. नायट्रेट सहज पेट घेतें, व एकदां पेटलें म्हणजे पाण्यानेंही आवरत नाहीं. ॲसिटेट कुजूं लागलें म्हणजे त्यास शिरक्याचा आंबूस वास येतो, फिल्म आकसते व जिलेटिनचा थर सुरकुततो. पनवेल-उरणकडच्या घरांत पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते. तेथें जिलेटिनवर बुरशी धरावयास एकच हंगाम पुरतो. तेव्हां प्रत करून घेण्याचें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

(२) यंत्राचा गुण

फ्लॅटबेड स्कॅनरच्या झांकणांत दिवा असतो; त्याचा प्रकाश निगेटिव्हमधून आरपार जाऊन खालच्या संवेदकावर पडतो. या कामीं संग्राहकांत विशेष प्रचारांत असलेले एप्सन कंपनीचे व्ही ७०० व व्ही ८०० या जातीचे स्कॅनर घेतले, तर त्यांच्या वर्णनांत दर इंचास ६४०० बिंदु असा आंकडा दिलेला आढळतो. प्रत्यक्ष बारीक रेघांच्या कसोटीपत्रावर पाहतां सुमारें २३०० ते २४०० बिंदूंइतकाच तपशील वेगळा दिसतो, असें जाणत्यांनीं केलेल्या चांचण्यांत आढळलें आहे. म्हणजे बाकीचे बिंदु फुगवट्याचे. ४ बाय ५ इंचांची निगेटिव्ह ६४०० नें घेतली, तर सुमारें ८२ कोटि बिंदूंचें चित्र होतें. २४०० नें घेतली तर साडेअकरा कोटींचें. पहिल्यानें जागा सातपट अडते, पण त्यांत एकही अक्षर जास्त वाचतां येत नाहीं. पोथीवरचा शक जसा आपण तपासल्यावांचून स्वीकारीत नाहीं, तसाच हाही आंकडा स्वीकारूं नये.

तथापि यंत्राचा खरा गुण येथेंच आहे. लहान ३५ मिलिमीटरच्या फिल्मला हें सामर्थ्य अपुरें पडतें. पण पूर्ण प्लेटच्या विस्तारावर तेंच २४०० बिंदु पसरले, म्हणजे एकतीस कोटींहून अधिक बिंदूंचें चित्र मिळतें. मूळ काच मोठी असल्यामुळें साध्या यंत्राचें उणें झांकलें जातें. घरगुती संग्राहकाच्या आवांक्यांतलें दुसरें साधन इतकें उपयुक्त क्वचितच असेल.

(३) पाठदोष

लेखकाच्या हातून पोथींत जसे ठराविक दोष शिरतात, तसे या प्रतींतही शिरतात. त्यांपैकीं तीन मुख्य होत.

पहिला, वलयांचा. फिल्मची चकचकीत बाजू स्कॅनरच्या काचेस टेंकली, कीं दोहोंमधील हवेच्या पातळ थरामुळें चित्रावर एकांत एक अशीं वलयें उमटतात. न्यूटनचीं वलयें म्हणतात तीं हींच. निगेटिव्ह चौकटींत धरून काचेपासून किंचित उंच ठेवणें हा त्यावर उपाय. परंतु उंची बदलली कीं स्पष्टताही बदलते. म्हणून योग्य उंची प्रत्येक यंत्रावर चांचणीनेंच ठरविली पाहिजे.

दुसरा दोष पहिल्यांतूनच निघतो. चकचकीत बाजू खालीं ठेवली तर चित्र सुलट येतें. पण वलयें टाळण्यासाठीं पुष्कळ जण जिलेटिनची मंद बाजू खालीं ठेवतात व चित्र मागाहून संगणकावर उलटवूं असें म्हणतात. एक तर जुन्या काचेवरील सुटूं लागलेलें जिलेटिन असें घांसलें जातें. दुसरें, उलटवण्याचें राहून जातें. कागदपत्र असेल तर अक्षरें उलटीं दिसून चूक तत्काळ कळते. पण किल्ल्याचें चित्र असेल तर? आम्हीं पाहिलेल्या एका प्रतींत कर्नाळ्याचा सुळका नेमका आरशांत पाहिल्यासारखा होता. पनवेलच्या माणसास तें एका दृष्टिक्षेपांत कळलें. परंतु परगांवचा अभ्यासक त्यावरून वाटेची व बुरुजांची दिशा खुशाल चुकीची लिहील.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं तो विशेष लक्षांत घ्यावा. दस्तऐवजाच्या निगेटिव्हमध्यें कागद काळा व शाई पारदर्शक असते. थरास टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र पडलें, तर तेथून प्रकाश येतो व सुलट चित्रांत तेथें काळा ठिपका उमटतो, म्हणजे शाईचाच भास होतो. उलट, निगेटिव्हवर धुळीचा कण असेल तर सुलट चित्रांत पांढरा ठिपका येऊन अक्षराची रेघ तुटते. म्हणजे छिद्र अनुस्वार देतें व धूळ तो काढून घेते. चिता आणि चिंता यांत अंतर एका बिंदूचें, हें संस्कृत सुभाषितकारांनीं सांगून ठेवलेंच आहे. हा बिंदु शाईचा कीं छिद्राचा, हें स्कॅनवरून ठरत नाहीं. मूळ निगेटिव्ह तिरप्या उजेडांत धरून भिंगाखालीं पाहिली म्हणजे ठरतें. ती टाकून दिलेली असेल, तर वाद कायमचा अनिर्णीत राहतो.

(४) शोधन

यावर कोणी म्हणेल कीं, धूळ व ओरखडे आपोआप पुसणारी सोय यंत्रांतच आहे. ती आहे, परंतु ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधील रंग त्या किरणांस पारदर्शक असतात, म्हणून धूळ तेवढी निराळी ओळखूं येते. कृष्णधवल निगेटिव्हमधील चांदी त्या किरणांस अडविते. सबब यंत्र चित्रालाच धूळ समजतें. ही सोय जुन्या काचांस लावणें म्हणजे शुद्धलेखन तपासावयास निरक्षर नेमणें होय.

दुसरी रीत नुसत्या आकारावरून ठिपके हुडकून पुसण्याची. तिचा धोका एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ता. १३ एप्रिल १९१९ च्या अमृतसर येथील हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनीं जालियनवाला बागेचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा आहेत. त्या छायाचित्राची सारी किंमत त्या ठिपक्यांत आहे. आकारावरून पाहतां गोळीची खूण व निगेटिव्हवरील डाग यांत यंत्रास भेद करतां येणार नाहीं. चित्र स्वच्छ होईल आणि पुरावा पुसला जाईल.

आम्ही शोधनाच्या विरुद्ध नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तींत संपादकांनीं पाठ निवडले. परंतु जेथें निर्णय पक्का नव्हता तेथें पाठाखालीं नागमोडी रेघ दिली, व टाकलेले पाठभेद तळटीपांत राखले. हीच शिस्त येथें हवी. पहिली प्रत अशोधित, सोळा बिटांची व दाब न दिलेल्या टिफ स्वरूपाची असावी. शोधन करावयाचें तें दुसऱ्या प्रतीवर करावें, व काय केलें तें लिहून ठेवावें.

(५) समास व पुष्पिका

बहुतेक प्रतींत निगेटिव्हच्या कडा छाटलेल्या असतात. पोथीचा समास कापून टाकणाऱ्या बाइंडरास आपण दोष देतों. मग येथें गप्प कां? काचेच्या कडेला छायाचित्रकारानें कोरलेला क्रमांक असतो, झांकणीचा रंग असतो, पेन्सिलीनें केलेली डागडुजी असते. सुट्या फिल्मच्या कडेस कारखान्यानें पाडलेल्या खांचा असतात. त्यांवरून फिल्मची जात कळते. शिवाय फिल्म उभी धरून खांच वरच्या उजव्या कोपऱ्यांत आली, तर जिलेटिनची बाजू आपल्याकडे आहे असें समजावें. म्हणजे कडेसह घेतलेल्या प्रतींत चित्र उलट कीं सुलट याचा साक्षीदार आपोआप राहतो. म्हणून प्रत चारी कडांसह घ्यावी.

पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, स्थळ व तिथि देतो, आणि जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नये, असें विनवितो. स्कॅन करणाऱ्यास असें म्हणण्याचा अधिकार पुष्पिका लिहिल्यावांचून येत नाहीं. तींत पुढील गोष्टी अवश्य असाव्यात: निगेटिव्ह कोणाकडील, तिचें माप व द्रव्य, जिलेटिनची बाजू कोणत्या अंगास ठेवली, यंत्र व दर इंचास घेतलेले बिंदु, तारीख, करणाऱ्याचें नांव, आणि मूळ आज कोठें आहे. हा मजकूर चित्राच्या फाइलीशेजारीं साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवला तरी पुरे.

(६) मातृकेचें रक्षण

वि. का. राजवाडे यांनीं इ. स. १९०९ त ज्ञानेश्वरीची आपली आवृत्ति प्रसिद्ध केली. ती ज्या पोथीवर आधारली, ती पोथी आज अभ्यासकांस पाहावयास मिळत नाहीं. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयीं आदर बाळगूनही, अमुक रूप पोथींतलें कीं संपादकाचें, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं. त्या पोथीच्या पानांच्या निगेटिव्ह असत्या, तर निकाल लागला असता. आज ज्यांच्यापाशीं निगेटिव्ह आहेत तेच जर त्या टाकूं लागले, तर हाच प्रसंग आपण पुढच्या पिढीवर आणीत आहों.

उलट पक्षीं, एकट्या मातृकेवर विसंबणेंही योग्य नव्हे. जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांत पाणी शिरून ग्रंथांची मोठी हानि झाली. मातृका एका गांवीं व तिच्या प्रती दोन निराळ्या गांवीं, अशी व्यवस्था असावी.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, येत्या पावसाळ्यापूर्वीं पेट्या माळ्यावरून खालीं काढाव्या. आंबूस वास येणाऱ्या फिल्म वेगळ्या कराव्या. नायट्रेटचा संशय असलेल्या घरांत न ठेवतां जाणत्यास दाखवाव्या. प्रत्येक निगेटिव्ह आम्लरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटांत घालावी, काचा उभ्या ठेवाव्या. नंतर प्रत घ्यावी व तिची पुष्पिका लिहावी. आणि पुष्पिकेंत मूळ कोठें आहे या रकान्यापुढें जें ठिकाण लिहाल, तेथें तें पुढेंही सांपडेल अशी तजवीज करावी.