बाहेरच्या कार्डाचा मोह

समजा, मुलांनी न्हावा शेवा बंदराचे चित्रीकरण केले आणि शाळेच्या डेस्कटॉपवर संपादन अडखळू लागले. अशा वेळी ‘बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडा’ असा सल्ला मिळतो. तो आम्हाला पटत नाही. बंदरात क्रेन कितीही मोठी असो, फाटक अरुंद असेल तर कंटेनर तुंबणारच. थंडरबोल्ट ३ केबलमधून सेकंदाला फार तर ४० गिगाबिट माहिती जाते. पीसीआय एक्सप्रेस ३ च्या सोळापदरी खाचेतून सुमारे १२६. शिवाय बाहेरच्या पेटीचा खर्च वेगळा. लॅपटॉपमध्ये अशी खाच नसते, म्हणून तिथे ही सोय योग्य. डेस्कटॉपमध्ये मात्र वीजपुरवठा व जागा पुरेशी असल्यास कार्ड आतच बसवावे. पण त्याआधी संपादन चालू असताना प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांपैकी नेमके काय अपुरे पडते, ते मुलांनाच पाहू द्यावे.