वीस चित्रांचा तक्ता

वैद्यकीय मार्गदर्शिकेतल्या एका आकृतीचं रसग्रहण म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू देत. १९९९ साली अमेरिकेतल्या इकोतज्ज्ञांच्या आणि हृदय-भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ऑपरेशनदरम्यान करायच्या टीईईची, म्हणजे अन्ननलिकेतून करायच्या इकोची, मार्गदर्शक तत्त्वं छापली. त्यात वीस छोटी रेखाचित्रं एकत्र मांडली आहेत. हृदय-रक्तवाहिन्यांच्या भुलीची फेलोशिप करायची तर या तक्त्याशी गाठ पडतेच.

अन्ननलिका हृदयाला मागून खेटून जाते, त्यामुळे तिच्यात सोडलेला इकोचा प्रोब आणि हृदय यांच्यामध्ये ना फासळी येते ना फुप्फुस. ध्वनिलहरींचा छेद शून्यापासून १८० अंशांपर्यंत फिरवता येतो. काकडी आडवी कापली की चकती, उभी कापली की फोड; इथे सुरी न लावता तेच. प्रत्येक चित्राशेजारी अंशांची बारीकशी खूण आहे. रेघा मोजक्याच, सजावट शून्य.

क्रम मात्र चक्रावून टाकतो. पहिली तीन चित्रं अन्ननलिकेतून, चौथं एकदम जठरातून, सातवं परत वर. हाताच्या सोयीने पाहिलं तर हा निव्वळ द्राविडी प्राणायाम! पण इथे प्रोबच्या प्रवासाला महत्त्वच दिलेलं नाही. आधी डावा खालचा कप्पा, मग मायट्रल झडप, एऑर्टिक झडप, उजवी बाजू आणि शेवटी महाधमनी. काय पाहायचंय ते आधी ठरव, असंच तक्ता शिकणाऱ्याला बजावतो.

माझं आवडतं चित्र चौथं. डाव्या खालच्या कप्प्याची मधली आडवी चकती, आत दोन पॅपिलरी स्नायू, बस्स. पण तिन्ही मुख्य कॉरोनरी वाहिन्या हृदयाच्या ज्या भागांना रक्त पुरवतात, ते सगळे या एका चकतीत भेटतात. समजा, पोटातल्या महाधमनीच्या फुग्याचं ऑपरेशन चाललेलं आहे. सर्जन म्हणतो, "क्लॅम्प लावतोय." रक्ताची वाट अडते, कप्प्यावर ताण येतो. एखादी भिंत आत यायला कुचराई करू लागली, नीट जाड होईना, तर ते ईसीजीच्या आधी इथे दिसू शकतं. रक्त कमी पडलं की कप्पा आक्रसतो आणि आकुंचनाच्या वेळी ते दोन्ही स्नायू एकमेकांना टेकतात. मॉनिटरवर रक्तदाब उतरलेला कुणालाही दिसतो. तो का उतरला, हे चकतीला विचारावं.

तक्त्याला एक आंधळा कोपराही आहे, पण दोष त्याचा नाही. श्वासनलिका मध्ये येते आणि तिच्यातल्या हवेतून ध्वनिलहरी नीट पार होत नाहीत. त्यामुळे वर चढणाऱ्या महाधमनीचा वरचा भाग आणि कमानीची सुरुवात झाकलेली राहते. नेमकं हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीनची नळी घालायची तीच जागा! मग छाती उघडल्यावर वेगळा प्रोब थेट धमनीवर टेकवून बघावं लागतं.

२०१३ मध्ये याच दोन संघटनांनी चित्रं २८ केली. भर रास्त आहे, पण जुन्या तक्त्याचा आटोपशीरपणा त्यात उरलेला नाही. फेलोशिपला नव्याने लागलेल्यांनी आधी ही वीसच पक्की करावीत, आणि सुरुवात चौथ्यापासून करावी.