‘रोमान्स’ : युरोपीय भाषांतील एक संज्ञा आणि मराठी कादंबरीची गटवारी

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात ‘वास्तवदर्शी कादंबरी’ आणि ‘अद्भुतरम्य रोमान्स’ ही विभागणी जवळजवळ स्वयंसिद्ध मानली जाते. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) दुसऱ्या गटात टाकली जाते आणि गटवारीबरोबरच तिचे मूल्यमापनही उरकले जाते. या विभागणीस पाश्चात्य साहित्यविचाराचा आधार असल्याचे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तो आधार सबंध युरोपचा नसून प्रामुख्याने एकट्या इंग्रजीचा आहे.

‘रोमान्स’ हा शब्द मुळात साहित्यप्रकाराचा नव्हे, भाषेचा. लॅटिन सोडून लोकभाषेत केलेल्या रचनेस जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाने ओळखले जाई. ती रचना बहुधा पद्यात असे. तेराव्या शतकातील ‘रोमां द ला रोझ’ पद्यमयच आहे. पुढे पद्य गेले, गद्य आले. शब्द मात्र टिकला. युए यांनी १६७० मध्ये ‘रोमां’च्या उत्पत्तीवर प्रबंध लिहिला, तेव्हा प्राचीन ग्रीक प्रेमकथांपासून स्वकालीन गद्यकथांपर्यंत सर्वांना त्यांना हे एकच नाव पुरले. बाल्झाक व फ्लोबेर यांच्या कृतींनाही तेच नाव आहे. जर्मन व रशियन ‘रोमान’ आणि इटालियन ‘रोमान्झो’ हे शब्द याच वाटेने गेले.

स्पॅनिशमधील स्थिती सर्वांत उद्बोधक आहे. तेथे ‘रोमान्से’ म्हणजे आठ अवयवांच्या ओळींचे, सम ओळींत स्वरसाम्य राखणारे कथागीत. (मराठी अभ्यासकास येथे पोवाडा आठवेल; छंद अर्थातच निराळे.) हा शब्द गीताकडे राहिल्याने दीर्घ गद्यकथेस इटालियनमधून आलेला ‘नोवेला’ हा शब्द पुढे लागू झाला. तो मूळचा लघुकथेचा. सर्व्हांतेसने १६१३ मध्ये आपल्या बारा कथांच्या संग्रहास तोच शब्द वापरला. ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागात (१६०५) सराईमध्ये हस्तलिखितातून वाचून दाखविलेल्या उपकथेसही तोच. आज स्पॅनिश वाचक ‘दोन किहोते’लाच ‘नोवेला’ म्हणतो.

इंग्रजीने दोन्ही शब्द उसने घेतले. एका घरात दोन शब्द आले की त्यांना दोन कामे नेमून द्यावी लागतात. काँग्रीव्हने १६९२ मध्ये ‘इन्कॉग्निटा’च्या प्रस्तावनेत ती वाटणी केली, क्लॅरा रीव्ह यांनी १७८५ मध्ये तिला इतिहासाचे रूप दिले. हॉथॉर्नने १८५१ मध्ये आपल्या कृतीस ‘रोमान्स’ म्हटले ते कल्पनेचे स्वातंत्र्य मागण्यासाठी; त्याच्या लेखी हा शब्द कमीपणाचा नव्हता. इयन वॉट यांच्या १९५७ च्या ग्रंथात मात्र ‘नॉव्हेल’चा उदय हा वास्तववादाचा उदय ठरला. हेच विधान फ्रेंचमध्ये नेले तर ‘रोमां’चा उदय ‘रोमां’पासून झाला, असे काहीसे चमत्कारिक वाक्य तयार होते.

शब्द नाही म्हणून भेदाची जाणीवच नाही, असे अर्थात नव्हे. सतराव्या शतकातील फ्रेंचमध्ये प्रदीर्घ वीरकथांच्या तुलनेत आटोपशीर, इतिहासाजवळच्या कथेस ‘नूवेल’ म्हणत. परंतु तो भेद दीर्घ गद्यकथेच्या नावात रुजला नाही. ‘नूवेल’ आज लघुकथेचे नाव आहे.

या पार्श्वभूमीवर मराठी संज्ञा विशेष लक्षणीय ठरते. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील गद्यकाव्याचे नाव मराठीने प्रकाराचे नाव म्हणून स्वीकारले. कन्नडनेही तेच केले. जुन्या अद्भुत कथेचे आणि आधुनिक वास्तवकथेचे नाव एकच, ही रचना फ्रेंचची आहे, इंग्रजीची नव्हे. समीक्षेने मात्र इंग्रजीतील फूट आणून त्या शब्दाच्या पोटात बसविली आणि हरिभाऊ आपट्यांपूर्वीचे बरेचसे कथालेखन पूर्वतयारीच्या खात्यात जमा केले. ‘मुक्तामाला’ कोणत्या वाचनपरंपरेतून उभी राहिली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

याच काळात लिस्बन येथे गोमंतकीय लेखक फ्रांसिस्कु लुईस गोमीश यांची ‘उश ब्राह्मनेस’ (१८६६) प्रसिद्ध झाली. जातिव्यवस्था आणि ब्रिटिश सत्ता यांची तीव्र चिकित्सा करणारी ही कृती. पोर्तुगीजमध्ये ‘रोमांस’ म्हणजे सरळ कादंबरी. तेथील ग्रंथसूचीत ‘रोमांस’ या शीर्षाखाली ही कृती पाहणारा, इंग्रजीच्या सवयीचा अभ्यासक तिला ‘मुक्तामाला’च्या शेजारी ठेवील, आणि ते योग्यच होईल, पण त्याला वाटते त्या कारणासाठी नव्हे.